तुरुंगात शिकवायला जाताना

तुरुंगात गेलेला माणूस पहिल्या दिवसापासून कागदांनी वेढला जातो. अटकेचा पंचनामा, कोठडीचा आदेश, वकीलपत्र, दोषारोपपत्र, जामिनाचा अर्ज, आणि तो नामंजूर झाला तर तसा आदेश. हे सगळे कागद त्याच्याबद्दल असतात, त्याच्या पुढच्या आयुष्याचा निर्णय त्यांवर होतो, आणि बऱ्याचदा त्याला स्वतःला ते वाचता येत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत देशातल्या बंद्यांपैकी साधारण एक चतुर्थांश निरक्षर दिसतात, आणि आणखी ४० टक्क्यांच्या आसपास लोकांची शाळा दहावीच्या आतच सुटलेली असते. २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या जवळपास माणसं होती. त्यांतले दर चारांपैकी तिघे न्यायाधीन बंदी होते, म्हणजे त्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता.

ज्यांना तुरुंगात जाऊन शिकवावंसं वाटतं त्यांच्यासाठी हा लेख आहे. निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, कायद्याचे आणि समाजकार्याचे विद्यार्थी, गावोगावी वाचनालयं चालवणारी मंडळी. ज्यांच्या घरातलं कुणी आत आहे, त्यांच्याही उपयोगाचं यात काही आहे. माझं म्हणणं एवढंच, की तुरुंगातलं शिक्षण बंद्याच्या स्वतःच्या बोलीपासून आणि त्याच्या स्वतःच्या कागदांपासून सुरू झालं तर रुजतं. सुविचार आणि व्याख्यानांपासून सुरू झालं तर फोटो निघतात, सत्कार होतात, आणि पुढच्या महिन्यात वर्ग रिकामा होतो.

आधी आत जाण्याचं पाहू. एकट्यादुकट्याने गेटवर जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही. कारागृह अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्यावा लागतो, तो वरिष्ठ कार्यालयाकडे जातो, पोलीस पडताळणी होते, आणि या सगळ्याला वेळ लागतो. आधीपासून तुरुंगात काम करणाऱ्या एखाद्या संस्थेबरोबर, महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतून किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक म्हणून गेलात तर वाट सोपी होते. आत मोबाईल आणि रोख रक्कम नेता येत नाही. कंपासपेटी, तारेच्या स्पायरलच्या वह्या, धातूची पट्टी अशा वस्तू गेटवर अडू शकतात, म्हणून साध्या शिलाईच्या वह्या आणि साधी बॉलपेनं घ्या आणि त्यांची यादी आधी दाखवून मंजूर करून घ्या. दर वेळी झडती होईल. ती अपमान समजून मनाला लावून घेऊ नका, आणि गेटवरच्या हवालदाराशी वाद घालू नका. तुमचा वर्ग सुरळीत चालणं त्याच्या सहकार्यावर फार अवलंबून असतं.

वर्गात कोण आहे हे ओळखणं ही खरी पहिली पायरी. शाळेत वर्षभर तीच मुलं असतात. इथे आज समोर बसलेल्यांपैकी एकाची उद्या कोर्टाची तारीख असते, दुसऱ्याची बदली दुसऱ्या कारागृहात होते, तिसऱ्याला जामीन मिळतो. त्यामुळे 'मागच्या वेळी आपण कुठवर आलो होतो' या प्रश्नाला इथे फारसा अर्थ नाही. प्रत्येक तास स्वतःपुरता पुरा असला पाहिजे. तासाभरानंतर उठणाऱ्या माणसाच्या हातात आज जमलेली एक गोष्ट असावी: स्वतःचं नाव, कोर्टाचं नाव, पुढची तारीख, आईला लिहिलेल्या चार ओळी. शिक्षा झालेल्यांचा वर्ग वेगळा घेता आला तर त्यांच्याबरोबर लांबचा अभ्यासक्रम आखता येतो.

पहिलीचं पुस्तक मात्र आत नेऊ नका. ज्याने पंधरा वर्षं ट्रक चालवला, ऊस तोडला, बांधकामावर माणसं हाताखाली घेतली, त्याच्यापुढे 'कमळ' आणि 'बदक' ठेवलं की तो पुन्हा येत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. त्याच्या कामाचे शब्द घ्या. नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका. मग गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, न्यायालय, तारीख, वकील, जामीन. हे शब्द त्याला कानाने पाठ असतात, बराकीत दिवसरात्र तेच चाललेलं असतं. ऐकून माहीत असलेला शब्द कागदावर ओळखता येणं, ही प्रौढाच्या वाचनाची सगळ्यांत जवळची वाट. बराकीत लिहितावाचता येणारे मोजकेच असतात आणि बाकीच्यांचे अर्ज तेच लिहून देतात. त्या उपकाराची किंमत कधी सामानात, कधी कामात, कधी दडपणात चुकवावी लागते. स्वतःचा अर्ज स्वतः लिहिता येऊ लागला की माणूस त्या ओझ्यातून सुटतो. माझ्या मते हीच पुनर्वसनाची सुरुवात, आणि ती सुटकेची वाट पाहत थांबत नाही.

यासाठी एक रीत महाराष्ट्राच्या तुरुंगातच सापडते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्यातून झालं. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिलं. तुरुंगातल्या प्रत्येक कार्यक्रमात या दोन्हींचा उल्लेख होतो आणि समोरचे बंदी मुकाट्याने ऐकून घेतात, कारण ही माणसं आत जाण्याआधीच विद्वान होती, हे त्यांना ठाऊक असतं. पण एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने जसंच्या तसं लिहून घ्यायचं, ही धुळ्याची रीत आज कुठल्याही बराकीत चालते. शिकणाऱ्याला बोलू द्या. लहानपणीची जत्रा, पहिली नोकरी, आजीच्या हातचं कालवण, काहीही. तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत, त्याच्या बोलीत, पाच-सहा ओळींत मोठ्या अक्षरांत लिहा. व्याकरण सुधारू नका. 'म्या गेलतो' म्हणाला तर 'म्या गेलतो' हेच लिहा. मग तो कागद त्याला परत द्या आणि बोट ठेवून वाचायला लावा. मजकूर त्याचाच असल्यामुळे पुढचा शब्द कोणता येणार हे त्याला माहीत असतं, आणि अक्षर त्या शब्दाला येऊन चिकटतं. प्रमाण मराठी पुढे येईलच, अर्ज लिहिताना तिची गरज पडतेच. ती पहिल्याच दिवशी दारात उभी केली तर माणूस आत येत नाही.

भाषेचा प्रश्न बोलीपाशी संपत नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडचा बंदी माडिया किंवा गोंडी बोलणारा असतो, नंदुरबारचा भिली किंवा पावरी बोलतो, पारधी समाजाच्या घरात वाघरी चालते, तांड्यावरच्या माणसाची गोरमाटी असते. मुंबई-ठाण्याच्या बराकींत बंगाली, तेलुगू, भोजपुरी सगळंच कानावर पडतं. अशा माणसाला मराठीतलं कोर्ट जितकं परकं वाटतं तितकाच तुमचा मराठी वर्गही परका वाटेल. यावर माझा सल्ला असा, की त्याची भाषा येणारा दुसरा बंदी शोधा आणि त्याला सहशिक्षक करा. किरण बेदी १९९३ ते १९९५ या काळात दिल्लीच्या तिहार तुरुंगाच्या प्रमुख होत्या, तेव्हा तिथे शिकलेल्या बंद्यांनी न शिकलेल्यांना शिकवण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. बाहेरचा शिक्षक आठवड्यातून दोनदा येतो, सहशिक्षक मात्र रोज संध्याकाळी बराकीत असतो. शिवाय ज्याला कुणी 'गुरुजी' म्हणू लागतं, त्याच्या स्वतःच्या वागण्यातही फरक पडतो.

आता हक्कांविषयी. तुम्ही वकील नसाल, तरी या गोष्टी माहीत असायलाच हव्यात, कारण वर्गात त्या विचारल्या जातातच.

भाषेचा हक्क आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच मान्य केला आहे, आणि ते प्रकरण महाराष्ट्रातलंच होतं. हरिकिसन नावाच्या स्थानबद्धाला स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत दिली होती. त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्याने हिंदी तर्जुमा मागितला, आणि तोंडी समजावून सांगितलं आहे असं उत्तर मिळालं. चौदाहून अधिक टंकलिखित पानांचा मजकूर नुसता तोंडी ऐकून माणूस त्याला उत्तर देऊ शकणार नाही, असं म्हणत न्यायालयाने ती स्थानबद्धता बेकायदा ठरवली. हा निकाल प्रतिबंधक स्थानबद्धतेपुरता आहे. पण साध्या फौजदारी खटल्यातही आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष होत असेल, तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत खुल्या न्यायालयात सांगितली गेली पाहिजे, अशी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. 'साहेब, मला हे समजलं नाही' हे वाक्य कोर्टात उभं राहून मोठ्याने म्हणण्याचा सराव वर्गात करून घ्या. एकाला न्यायाधीश करा, एकाला वकील. मान खाली घालून सगळ्याला 'हो' म्हणण्याची सवय मोडायला असे तास कामी येतात.

दुसरा निकाल १९७८ चा, होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि वेळेत मिळाली पाहिजे, तुरुंगाने ती देऊन त्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील परवडत नसेल तर तो मिळाला पाहिजे, असं त्यात सांगितलं आहे. तेव्हा शिक्षा झालेल्या विद्यार्थ्याला विचारा: निकालाची प्रत मिळाली का? मिळाली असेल तर तीच पुढच्या महिन्याचं पाठ्यपुस्तक. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीतल्या प्रत्येक माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाचा हक्क आहे. त्यासाठीचा देशभरचा फोन क्रमांक १५१०० आहे, तो घरच्यांना आवर्जून सांगा.

तिसरं प्रकरण मला स्वतःला फार प्रिय आहे. प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असताना त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानाचं पुस्तक मराठीत लिहिलं आणि छापण्यासाठी बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. राज्य सरकारने ती नाकारली. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला: पुस्तक लिहून बाहेर पाठवायला ज्या नियमांत मनाई नाही, त्यांच्या आधारे ते अडवता येणार नाही. तुरुंगात लिहिणं ही मेहेरबानी आहे असं कुणी सुचवलं, तर या निकालाची नम्रपणे आठवण करून द्यावी.

अंकगणितही असंच कामाचं शिकवता येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं, की पूर्वी कधीही कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या न्यायाधीन बंद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडावं. इतरांसाठी हे प्रमाण निम्मं आहे, आणि त्यांना जामिनावर सोडावं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तरी अडचण येते. तो काळ भरला की न्यायालयाला कळवण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर टाकलेली आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या प्रकरणांनाही ही सवलत लागू होईल, हे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं. अटकेची तारीख फळ्यावर लिहा, आजची तारीख लिहा, वजाबाकी करा, महिने मोजा, कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा काढा. एवढं मन लावून भागाकार करणारा वर्ग तुम्हाला दुसरीकडे सापडणार नाही. हिशेब भरला असं दिसलं तर ती माहिती विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलापर्यंत न्या. तुम्ही स्वतः आश्वासन देऊ नका.

ही सूचना सगळ्यांत महत्त्वाची आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. जामीन, माफी, सुटका यांबद्दल कधीही शब्द देऊ नका. 'तुम्ही काय केलं होतं?' हे विचारू नका. सांगावंसं वाटलं तर तो सांगेल, आणि तेव्हाही ते वर्गाबाहेर नेऊ नका. खटला चालू असलेल्याला गुन्ह्याची हकिगत लिहायला लावू नका, तो कागद उद्या त्याच्याविरुद्ध जाऊ शकतो. निरोप, चिठ्ठ्या, पैसे यांची ने-आण करू नका, मग ती कितीही केविलवाणी विनंती असो. एकदा केलंत तर तुमचा वर्ग बंद होईल, आणि त्याबरोबर तीस माणसांचं शिक्षण. घरी पत्र लिहिण्याचा धडा जरूर घ्या, पण ते पत्र तुरुंगाच्या रीतसर टपालानेच जाऊ द्या.

परीक्षांचं थोडक्यात. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमाची चाचणी आहे. दहावी-बारावीसाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, आणि पुढे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. मोठ्या मध्यवर्ती कारागृहांत मुक्त विद्यापीठांची केंद्रं चालतात. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या शिक्षाबंद्यांना महाराष्ट्रात विशेष माफीचे दिवसही मिळतात. नेमकी अट आणि दिवस त्या वेळच्या नियमांप्रमाणे अधीक्षक कार्यालयातून लेखी समजून घ्यावेत. नोंदणीच्या वेळीच एक गोष्ट विचारून घ्या: प्रमाणपत्रावर किंवा गुणपत्रिकेवर कारागृहाचं नाव येणार नाही ना? बाहेर आल्यावर नोकरी मागायला गेलेल्याला त्या एका ओळीने दार बंद होऊ शकतं. माफीसाठी कुणी अभ्यासाला बसत असेल तर त्यात मला काही गैर वाटत नाही. ब्राझीलमध्ये तर एक पुस्तक वाचून त्यावर स्वतः टिपण लिहिलं की शिक्षेतले चार दिवस कमी होतात, वर्षाला बारा पुस्तकांपर्यंत. कारण काहीही असो, पुस्तक उघडलं जातं हे महत्त्वाचं.

महिला विभाग विसरू नका. अनेक जिल्हा कारागृहांत तो लहान असतो, संख्या कमी म्हणून शिक्षक तिथवर पोचत नाही. तिथे सहा वर्षांपर्यंतची मुलंही आईबरोबर राहतात. आई शिकत असेल तर मूल शेजारी बसून शिकतं, आणि बाहेर राहिलेल्या मोठ्या मुलांना पत्र लिहिण्याची ओढ तर या वर्गात सगळ्यांत जास्त असते. शिकवायला जाणाऱ्या बाईंनी अर्जातच महिला विभाग मागावा.

आता घरच्यांसाठी. तुमच्या माणसाने आत शिकायला सुरुवात केली असेल तर त्याचा शाळा सोडल्याचा दाखला आणि आधारची प्रत शोधून कारागृहाच्या कार्यालयात पोचवा. या दोन कागदांवाचून अनेकांचे प्रवेश अडतात. नोंदणी क्रमांक घरी लिहून ठेवा, बदली झाली किंवा जामीन झाला तर पुढचं शिक्षण त्याच क्रमांकावर चालू ठेवता येतं. पत्र लिहा, आणि तो नुकताच वाचायला शिकत असेल तर सुटी, मोठी अक्षरं काढा, वाक्यं लहान ठेवा. मुलाला त्याच्या हाताने दोन ओळी लिहू द्या. मुलाखतीला गेलात की पैशांच्या आणि वकिलाच्या गोष्टींतून एक मिनिट काढून विचारा, काय वाचतोस सध्या? पुस्तकं पाठवायची असतील तर आधी अधीक्षकांची परवानगी घ्या. जामीन मंजूर झाला आणि आठवडा उलटूनही माणूस घरी आला नाही, तर गप्प बसू नका. अशा वेळी तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ चा आदेश आहे. कळवलं का, हे जाऊन विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे फार नाजूक असतात. बंद पडलेलं बँक खातं, रेशनकार्डातून कमी झालेलं नाव, आधारला जोडलेला जुना मोबाईल नंबर, पोलीस ठाण्याची हजेरी. हे सगळं पुन्हा कागदांवरच चालतं, आणि आता तर फोनच्या पडद्यावर. म्हणून सुटकेच्या आधीच्या महिन्यांत वर्गात बँकेचे कोरे फॉर्म, बायोडेटा, नोकरीचा अर्ज भरण्याचा सराव करून घ्यावा. 'मधली वर्षं कुठे होतात?' या प्रश्नाचं खरं, थोडक्यात आणि न लाजता देता येईल असं उत्तर त्याने स्वतः तयार करावं, तुम्ही ऐकून दाद द्यावी. शब्द सापडले नाहीत की माणूस खोटं बोलतो किंवा मान खाली घालतो, आणि दोन्हींत नोकरी जाते.

याचा उपयोग होतो का, असं विचारणारे असतात. अमेरिकेत रँड संस्थेने २०१३ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांची पुन्हा तुरुंगात परतण्याची संभाव्यता, संख्याशास्त्रातल्या 'ऑड्स' या मापात, न घेतलेल्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी आढळली. शिकायला पुढे येणारे मुळातच अधिक जिद्दीचे असतील, हा आक्षेप रास्त आहे. तरीही आपल्या डोळ्यांसमोर रिकामी बसलेली माणसं आणि बंद कपाटातली पुस्तकं असताना, तेवढ्या आक्षेपासाठी थांबणं मला पटत नाही.

तुमच्या जिल्ह्यात कारागृह असेल तर अधीक्षकांच्या नावे अर्ज लिहा. आठवड्यातले कोणते दोन दिवस, किती वाजता येऊ शकता, कोणती भाषा किंवा बोली येते, हे त्यात नेमकं लिहा. आणि किमान सहा महिने न चुकता येईन, असं खरोखर जमणार असेल तरच लिहा. जमणार नसेल तर तिथल्या ग्रंथालयाला पुस्तकं हवी आहेत का, एवढं तरी विचारून या.